दुरुस्तीचा पैसा कोणत्या पानावर आहे? मध्य प्रदेशच्या वित्तमंत्र्यांना आणि इंदूरच्या नऊ आमदारांना खुले पत्र

प्रति,
माननीय श्री. जगदीश देवडा, उपमुख्यमंत्री तथा वित्तमंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ;
तसेच इंदूर जिल्ह्यातील नऊ विधानसभा मतदारसंघांचे सन्माननीय आमदार

विषय: राज्याच्या अर्थसंकल्पात दुरुस्ती-देखभालीचे स्वतंत्र विवरणपत्र जोडण्याबाबत आणि त्यासाठी लागणाऱ्या कराबाबत

सन्माननीय महोदय,

12 मार्च 2025 रोजी आपण राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्प विधानसभेत मांडलात. 4 लाख 21 हजार 32 कोटी रुपयांच्या त्या अर्थसंकल्पात एकही नवा कर नव्हता, असलेल्या करांचे दरही वाढवलेले नव्हते, आणि चालू असलेली कोणतीही कल्याणकारी योजना बंद होणार नाही हे शासन तेव्हाही सांगत होते व त्यानंतरही सांगत आले आहे. वर्तमानपत्रांनी त्याचे मथळे केले आणि आम्हा करदात्यांनाही ते वाचून बरे वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कर वाढवायचा नाही, योजना थांबवायची नाही आणि महसुली खात्यात तूटही दाखवायची नाही, या तिन्ही अटी एकदम पाळायच्या म्हटल्यावर चौथ्या कुठल्यातरी खर्चाचा गळा आवळल्यावाचून गत्यंतर उरत नाही. तो चौथा खर्च दुरुस्ती आणि देखभालीचा आहे, आणि हे पत्र त्याविषयी आहे.

माझी सारी नोकरी राज्याच्या कोषालयीन सेवेत, बिले तपासण्यात आणि पारित करण्यात गेली. त्यामुळे धोरणाच्या मोठ्या गोष्टी करण्याचा मला अधिकार नसला, तरी पैसा कोणत्या शीर्षाखाली येतो, कोणत्या महिन्यात येतो आणि कुठे अडतो, एवढे मला कळते. या पत्राची हिंदी प्रत भोपाळला टपालाने धाडली आहे. मराठीत ते जाहीर करण्याचे कारण असे की, त्याचा बराचसा भाग इंदुरातील राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग, तिलकनगर या वस्त्यांतल्या माझ्यासारख्या निवृत्तिवेतनधारकांना आणि नोकरदारांनाही उद्देशून आहे, आणि तो भाग त्यांना फारसा गोड लागणार नाही.

प्रथम आकडे. 2025-26 च्या अंदाजानुसार राज्याचे महसुली उत्पन्न 2,90,879 कोटी रुपये होते. त्यात राज्याने स्वतः वसूल करावयाचे कर 1,09,157 कोटींचे, केंद्रीय करांतील वाटा 1,11,662 कोटींचा, करेतर उत्पन्न 21,399 कोटींचे आणि केंद्राची अनुदाने 48,661 कोटींची. म्हणजे निम्म्याहून अधिक पैसा दिल्लीहून यायचा होता. या उत्पन्नातून सगळा महसुली खर्च भागवून आपण 618 कोटींची महसुली शिल्लक दाखवली होती. शंभर रुपयांच्या उत्पन्नात एकवीस पैसे शिल्लक! ही शिल्लक म्हणजे आर्थिक शिस्तीचे प्रमाणपत्र, असे अर्थसंकल्पावरील चर्चेत मोठ्या गौरवाने सांगितले गेले. एवढी बारीक शिल्लक वर्षारंभी अंदाजात नेमकी बसवायची, तर खर्चाच्या पुस्तकात कुठेतरी हव्या तितक्या दाबता येणाऱ्या काही रकमा असाव्याच लागतात, ही गोष्ट मात्र हिशेबाचे काम केलेल्या कोणाच्याही लगेच लक्षात येईल.

आता कोणती रक्कम दाबता येते, ते पाहू. पगार दाबता येत नाहीत, निवृत्तिवेतन दाबता येत नाही (मी ते घेतो, तेव्हा याबद्दल तक्रार करणे मला शोभणार नाही), कर्जावरचे व्याज तर मुळीच दाबता येत नाही. राज्यावरचे कर्ज चार लाख कोटींच्या पुढे गेले आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या मंगळवारच्या लिलावांत मध्य प्रदेशचे रोखे नियमाने विकले जात आहेत. लाडली बहना योजनेची रक्कम दर महिन्याला ठरल्या तारखेच्या आसपास स्त्रियांच्या खात्यात पडावीच लागते. शेतीच्या विजेचे आणि अटल गृह ज्योती योजनेतील घरगुती विजेचे अनुदान वीज कंपन्यांना द्यावेच लागते, आणि ते दोन्ही मिळून वीस हजार कोटींच्या घरात जाते. हे सगळे वजा केल्यावर महसुली खर्चात उरते काय? शाळेच्या छपराची दुरुस्ती, रुग्णालयातल्या उपकरणांचा देखभाल-करार, पंपाचे सुटे भाग, नळवाहिनीची गळतीतपासणी, पुलाच्या कठड्याचे रंगकाम. या खर्चाला मतदारसंघ नाही. नव्या इमारतीच्या कोनशिलेवर नाव कोरले जाते, पण गळती थांबवलेल्या जुन्या छताचे उद्घाटन कोणी ठेवत नाही. त्यामुळे कात्री पडते ती इथेच, आणि ती पडली हे कुणाला दिसतही नाही.

त्यातच आपल्या हिशेबपद्धतीची एक विचित्र गंमत अशी की, नवी वाहिनी टाकणे हा भांडवली खर्च आणि म्हणून कौतुकाचा, तर असलेली वाहिनी धड ठेवणे हा महसुली खर्च आणि म्हणून संशयाचा. गेली काही वर्षे केंद्र सरकारनेही याच दिशेला जोर लावला आहे. 2020-21 पासून राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज मिळते, ते केवळ भांडवली कामांसाठी. त्या पैशातून पूल बांधता येतो, पुलावर माणूस नेमता येत नाही. यात केंद्राचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. राज्ये उधारीचा पैसा रोजच्या खर्चात उडवतात, हा अनुभव जुना आहे आणि तो खोटाही नाही. परंतु परिणाम असा झाला आहे की, वस्तू उभी करण्यासाठी पैसा स्वस्त आहे आणि ती उभी ठेवण्यासाठी पैसा नाहीच.

पूर्वी हे असे नव्हते, याचीही नोंद करायला हवी. केंद्र आणि राज्यांत पैशाची वाटणी सुचवणाऱ्या बाराव्या वित्त आयोगाने 2005 ते 2010 या काळासाठी राज्यांना रस्ते-पुलांच्या देखभालीकरिता 15,000 कोटी आणि सार्वजनिक इमारतींच्या देखभालीकरिता 5,000 कोटी रुपयांची वेगळी अनुदाने सुचवली होती. तेराव्या आयोगानेही रस्ते-पुलांसाठी 19,930 कोटी ठेवले. चौदाव्या आयोगाने राज्यांचा करांतील वाटा 32 वरून 42 टक्क्यांवर नेला आणि अशी कामवार अनुदाने बंद केली. राज्यांना मोकळा पैसा द्यावा, त्यांनी आपापली गरज ओळखून तो खर्चावा, हा त्यामागचा विचार तत्त्वतः योग्यच होता. राज्यांनी काय ओळखले, ते आज आपल्यासमोर आहे.

एक उदाहरण जवळून देतो. समग्र शिक्षा अभियानात शाळांना दरवर्षी एकत्रित अनुदान मिळते आणि त्याची रक्कम पटसंख्येवर ठरते. 101 ते 250 मुले असलेल्या सरकारी शाळेला वर्षाला 50,000 रुपये. या पन्नास हजारांत खडू-फळा, विजेचे बिल, वर्तमानपत्र, प्रयोगसाहित्य, पिण्याच्या पाण्याची सोय, स्वच्छतागृहाची सफाई आणि इमारतीची किरकोळ दुरुस्ती एवढे सगळे बसवायचे असते. महिन्याचा हिशेब केला तर चार हजार एकशे सहासष्ट रुपये होतात. दोनशे मुलांची स्वच्छतागृहे रोज धुण्यासाठी माणूस लावला, तर बाकी सगळ्यासाठी काय राहील, हे सांगायला कोषालयात नोकरी केलेली असण्याची गरज नाही. याच राज्यात सांदीपनी विद्यालयांच्या (पूर्वीच्या सीएम राइज शाळांच्या) इमारती कोट्यवधी रुपये घालून उभ्या राहत आहेत. त्या चांगल्या आहेत, मी पाहिल्या आहेत, आणि गरिबाच्या मुलाला अशी शाळा मिळावी यात वाद नाही. मला एवढेच विचारायचे आहे की, दहा वर्षांनी त्या इमारतींचे छत गळू लागेल, तेव्हा त्यांनाही पन्नास हजार ते पाऊण लाखाच्या वार्षिक अनुदानावरच सोपवले जाणार आहे काय?

दुसरी गोष्ट मार्च महिन्याची. देखभालीचा मंजूर पैसा वर्षभर थोडाथोडा मिळत नाही. तो तिसऱ्या-चौथ्या तिमाहीत सुटतो आणि 31 मार्चपूर्वी खर्च झाला नाही तर परत जातो. छताचे काम करायचे तर अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा आणि कार्यादेश एवढे टप्पे ओलांडावे लागतात, आणि त्याला तीन-चार महिने पुरत नाहीत. पंधरा दिवसांत होण्यासारखे एकच काम असते, ते पुताईचे. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या टेबलावर रंगरंगोटीची बिले गठ्ठ्यांनी येत. बिल नियमात बसत असे, आम्ही ते पारित करत असू, आणि ज्या भिंतीला नुकताच पिवळा रंग दिला तिच्यावरून जुलैत पाण्याचे ओघळ येत. यात कोणी चोरी केली असे नव्हे. पैसा वेळेवर न येणे हीसुद्धा एक प्रकारची कपात आहे आणि ती कोणत्याही कपातीच्या यादीत दिसत नाही.

आता इंदूरकडे वळतो. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून सतत अव्वल राहिलेले हे शहर आहे आणि त्याचा अभिमान आम्हाला आहेच. घरोघरचा कचरा वेगळा करून उचलण्याची शिस्त या शहराने लावून घेतली, ती रोजच्या रोज पैसा आणि माणसे खर्ची घालून. खरे तर इंदूरची स्वच्छता हेच देखभालीवर नियमित खर्च केल्याने काय साधते याचे देशातले उत्तम उदाहरण आहे. त्याच शहरात डिसेंबर 2025 च्या अखेरच्या दिवसांत भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत मैलापाणी मिसळले, शेकडो माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि काही जिवानिशी गेली. मृतांच्या आकड्यावरून वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. त्या वस्तीतली जुनी वाहिनी बदलण्याचे काम कागदोपत्री बरेच दिवस चालू होते, हेही तेव्हाच्या बातम्यांतून पुढे आले. त्याच वर्षी इंदूरच्याच एम. वाय. या सरकारी रुग्णालयात नवजात अर्भकांना उंदीर चावल्याने साऱ्या राज्याची मान खाली गेली होती. दोन्ही ठिकाणी शोध दोषी व्यक्तीचा झाला, तो व्हायलाच हवा. पण अशी प्रत्येक घटना ही आधीच्या कित्येक अर्थसंकल्पांत न केलेल्या खर्चाची वसुली असते, आणि ती वसुली त्या वस्तीतल्या माणसांकडून होते, जी बिचारी ना करसवलतीच्या चर्चेत असतात ना राजकोषीय तुटीच्या. पुढे ढकललेली दुरुस्ती हे कर्जच आहे. राजकोषीय उत्तरदायित्वाचा जो कायदा आपल्या राज्याने 2005 मध्ये केला, त्याच्या मर्यादेत ते मोजले जात नाही, एवढाच फरक.

जमिनीखालच्या वाहिन्या दिसत नाहीत, मेट्रो दिसते. 31 मे 2025 रोजी इंदूर मेट्रोचा सुमारे सहा किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. उज्जैनच्या 2028 च्या सिंहस्थासाठी 2025-26 च्या अर्थसंकल्पात 2,000 कोटींची तरतूद होती आणि त्या निमित्ताने इंदूर-उज्जैन पट्ट्यात रस्ते, पूल, घाट यांची कामे चालली आहेत. सिंहस्थ आटोपल्यावर या सगळ्याची निगा कोण राखणार, कोणत्या शीर्षातून, दरसाल किती रुपयांनी, हे मला कोणत्याही अर्थसंकल्पीय पुस्तकात सापडले नाही. खेड्यापाड्यांत तर प्रश्न आणखी बिकट आहे. जलजीवन मिशनमध्ये घरोघर नळ देण्याचे काम आपल्या राज्यातही झाले. 2022 मध्ये बुऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. तो नळ चालू ठेवण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवर आहे. पंप जळाला, की पंचायतीकडे ना मिस्त्री असतो ना पैसा, आणि पाणीपट्टी मागायला गेले तर सरपंचाला पुढच्या निवडणुकीची धास्ती असते.

कौलारू घरात राहिलेल्यांना आठवत असेल, दर वैशाखात कौले चाळली जात. त्या खर्चाला सण नव्हता, पाहुणे नव्हते, तरी तो चुकवलेला नसे; चुकवलाच तर आषाढात अंथरूण कुठे घालावे याची पंचाईत. राज्याच्या हिशेबात असा वैशाख ठेवलेला नाही.

खर्च वाढवा म्हणायचे आणि पैसा कुठून आणायचा हे सांगायचे नाही, अशी पत्रे आपल्याकडे पुष्कळ येत असतील, म्हणून कराविषयी बोलणे भाग आहे. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आल्यावर राज्याच्या हातात स्वतंत्रपणे कमी-जास्त करण्यासारखे कर फारच थोडे उरले. त्या कराचे दर केंद्र व राज्ये मिळून बनलेली परिषद ठरवते, तिथे निर्णयाला तीन-चतुर्थांश बहुमत लागते आणि एकट्या केंद्राचे मत एक-तृतीयांश वजनाचे असते. या करामुळे घटलेल्या महसुलाची राज्यांना मिळणारी भरपाई 30 जून 2022 ला संपली. 22 सप्टेंबर 2025 पासून दर बरेच खाली आले. ग्राहक म्हणून ते स्वागतार्ह आहे, पण त्यात राज्याचाही वाटा घटला. आणि सोळाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा एकूण वाटा 41 टक्केच ठेवला असला, तरी त्यातला मध्य प्रदेशचा हिस्सा 7.85 टक्क्यांवरून सुमारे 7.35 वर आणला आहे. 2025-26 च्या रकमेला हे नवे प्रमाण लावून पाहिले, तर वर्षाला सात हजार कोटींचा फरक पडतो.

मग राज्याकडे राहते काय? पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, आबकारी, मुद्रांक व नोंदणी शुल्क, वाहनकर, वीज शुल्क, खनिजांचे स्वामित्वधन आणि वृत्तिकर, म्हणजे नोकरी-व्यवसायावरचा कर. यातल्या पेट्रोलवर आपण 29 टक्के व्हॅट, वर लिटरमागे अडीच रुपये आणि एक टक्का उपकर घेतो. देशातल्या चढ्या दरांत तो मोडतो. झाबुआमार्गे गुजरातेत जाणारा ट्रकवाला दाहोदपर्यंत पुरेल एवढेच डिझेल इथे भरतो, म्हणजे दर वाढवला तर उत्पन्न पलीकडच्या राज्यात जाणार. आबकारीची गोष्ट निराळी: शासनाने 1 एप्रिल 2025 पासून उज्जैनसह 19 धार्मिक ठिकाणी दारूची दुकाने बंद केली. तो निर्णय लोकांना पटला, मलाही पटला, पण सोडलेल्या महसुलाची जागा कशाने भरली, हे त्यासोबत सांगितले असते तर अधिक बरे झाले असते. वृत्तिकराची कमाल मर्यादा संविधानाच्या अनुच्छेद 276 ने वर्षाला 2,500 रुपये ठेवली आहे. 1988 च्या घटनादुरुस्तीत ती ठरली आणि आजतागायत तिला हात लागलेला नाही. तेव्हा ज्याचा पगार अडीच हजार होता, त्याच जागेवरच्या माणसाला आज पन्नास-साठ हजार मिळतात, आणि कर तोच. ही मर्यादा वाढवणे राज्याच्या हातात नाही. तिच्यासाठी केंद्राकडे आग्रह धरणे मात्र हातात आहे. पगारदार वर्गाला ते आवडणार नाही, हे मी जाणून आहे.

लाडली बहना योजनेविषयी न बोलता हे पत्र पुढे नेले तर ते लबाडीचे होईल. जून 2023 मध्ये दरमहा हजार रुपयांनी सुरू झालेली ही रक्कम त्याच वर्षी साडेबाराशे झाली आणि नोव्हेंबर 2025 पासून दीड हजार. सव्वा कोटी स्त्रियांना दरमहा दीड हजार म्हणजे वर्षाला साडेबावीस हजार कोटी, राज्याच्या स्वतःच्या कर-उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. आमच्या मध्यमवर्गात या योजनेला 'रेवडी' म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. मला ती पसंत नाही. ज्या घरात बाईच्या हातात स्वतःचे म्हणून शंभर रुपये नसत, तिथे तिच्या खात्यात थेट येणारे दीड हजार ही फार मोठी गोष्ट आहे, आणि सरकारी पैसा एवढ्या थोड्या गळतीने एवढ्या लोकांपर्यंत पोचल्याची उदाहरणे माझ्या नोकरीत मी फारशी पाहिली नाहीत. माझा आक्षेप योजनेला नाही, वाढीला आहे. यापुढे रक्कम वाढवण्याची घोषणा होईल तेव्हा तिच्याबरोबर, हा पैसा कोणत्या नव्या कराने किंवा कोणत्या बंद केलेल्या खर्चाने आणणार, हे त्याच दिवशी सभागृहात सांगितले जावे. भागीरथपुऱ्यात आजारी पडलेल्या घरांतही लाडली बहना असणारच. त्यांच्या दीड हजारांतले किती विकतच्या पाण्याला आणि औषधाला गेले असतील, याचा हिशेब कोणत्या योजनेच्या यशोगाथेत येतो?

आता आपल्या लोकांशी दोन शब्द. इंदूरला 1978 पासून नर्मदेचे पाणी येते. सुमारे सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून, टप्प्याटप्प्याने पंपांनी घाट चढवून ते आणावे लागते आणि विजेचे बिल शहराचे कंबरडे मोडते. ते बिल कमी व्हावे म्हणून नगर निगमने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे विकून जलूदजवळ 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. मला ते पाऊल फार शहाणपणाचे वाटते, कारण एकदा घातलेला पैसा पुढच्या रोजच्या खर्चात बचत करतो. पण रोख्यांवर 8.25 टक्के व्याज द्यायचे आहे, आणि ते अखेरीस आपल्याच जलकरातून व संपत्तिकरातून जायचे आहे. बहुतेक घरांत पाण्याला मीटर नाही. दोन माणसांचे घर आणि सहा भाडेकरू ठेवलेला चारमजली बंगला ठरावीक दरानेच पाण्याचे पैसे देतात. संपत्तिकरात स्वतः राहत असल्याचे सांगून सवलत घ्यायची आणि वरचा मजला भाड्याने लावायचा, हा प्रकार आपल्या सुशिक्षित वसाहतींतही आहे, हे आपण सगळे जाणतो. मीटर लावा, वापराप्रमाणे दर घ्या, गरीब वस्तीला ठरावीक पाणी फुकट द्या आणि आमच्याकडून पूर्ण किंमत वसूल करा, अशी माझी निगमकडे मागणी आहे. दर वाढला की वॉर्डात निवेदने फिरतात. त्यावर सही करण्यापूर्वी त्या पैशाचे काय होणार हे विचारावे, एवढीच विनंती.

परंतु आम्ही जास्त भरावे असे म्हणताना राज्यानेही निगमचे देणे चुकते करावे. मध्य प्रदेशाने 1976 मध्ये जकात, म्हणजे इथल्या बोलीत चुंगी, रद्द केली आणि तिच्या बदल्यात नगरसंस्थांना क्षतिपूर्ती देण्याचे ठरले. जवळजवळ पन्नास वर्षांनंतरही नगरसंस्थांचा पगार आणि रोजचा खर्च या रकमेवर अवलंबून आहे, आणि त्यातून वीजदेणी व कर्जाचे हप्ते परस्पर कापून उरलेली रक्कम त्यांच्या हाती ठेवली जाते. ज्या महिन्यात ही कपात जास्त झाली, त्या महिन्यात निगम पहिली कात्री कुठे लावणार, हे आता वेगळे सांगायला नको. नगरीय विकास खाते ज्यांच्याकडे आहे ते मंत्री इंदूरचेच आहेत, तेव्हा निदान ही गोष्ट भोपाळपर्यंत न पोचल्याची सबब चालणार नाही.

20 मे 2025 रोजी, अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीच्या निमित्ताने, आपल्या मंत्रिपरिषदेची बैठक इंदूरच्या राजवाड्यात झाली. देवींच्या नावाने बऱ्याच घोषणा होतात, म्हणून त्यांच्या कारभारातली एक बाब आठवून देतो. होळकरांच्या दरबारात दौलतीचा हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा असे. खासगीच्या उत्पन्नातून देवींनी देशभर घाट, देवळे, धर्मशाळा बांधल्या, आणि बांधून मोकळ्या झाल्या नाहीत; पूजा, दिवाबत्ती, अन्नछत्र यांसाठी कायमच्या नेमणुका करून दिल्या. बांधकाम आणि त्याची पुढची तजवीज एकाच हुकमात असण्याची ती पद्धत होती.

माझे मागणे त्याहून फार मोठे नाही. राज्य 2007-08 पासून जेंडर बजेट मांडते, 2022-23 पासून बाल बजेट मांडते. त्याच धर्तीवर दुरुस्ती-देखभालीचे एक विवरणपत्र अर्थसंकल्पासोबत यावे. त्यात प्रत्येक खात्याकडे असलेल्या इमारती, रस्ते, पूल, वाहिन्या, पंप यांची मोजणी, त्यांना धड ठेवण्यासाठी लागणारी वार्षिक रक्कम, प्रत्यक्ष तरतूद आणि गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च असे चार रकाने असावेत. हे अशक्य नाही. महालेखापरीक्षकांच्या वित्त लेख्यांच्या दुसऱ्या खंडात, परिशिष्टांमध्ये, राज्याच्या देखभाल-खर्चाचे विवरण आजही असते, पगार वेगळा आणि इतर खर्च वेगळा दाखवून. पण ते वर्ष उलटून गेल्यावर येते आणि त्यात काय खर्चले तेवढेच कळते. काय लागणार होते ते नाही. आपण शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत स्वीकारली आहे. प्रत्येक खर्चाची गरज मुळापासून सिद्ध करायची असेल, तर वाहिनी किती वर्षांची झाली हे माहीत असल्याखेरीज तिची गरज सिद्ध कशी करणार?

त्याबरोबर, ठरावीक रकमेवरचे कोणतेही नवे बांधकाम मंजुरीस येईल तेव्हा त्याच्या पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च आणि त्याचा स्रोत त्याच टिपणीत असावा. देखभालीची रक्कम एप्रिल ते जून या तिमाहीतच निम्मी सुटावी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी छप्पर होईल आणि मार्चमध्ये पुताई करण्याची पाळी येणार नाही. केंद्र सरकार 2006-07 पासून सवलतींमुळे सोडलेल्या महसुलाचे विवरण संसदेत ठेवते, तसे राज्याने विधानसभेत ठेवावे. एखाद्या उद्योगाला मुद्रांक शुल्कात वा वीज शुल्कात दिलेली सूट हीसुद्धा खर्चच असते आणि ती वर्षानुवर्षे कुणाच्या नजरेस पडत नाही.

यावर वित्त खात्यातला एखादा अधिकारी म्हणेल की, देखभालीचा पैसा वाढवला तर तो ठेकेदार खातील, कारण नवे बांधकाम निदान डोळ्यांना दिसते, दुरुस्ती झाली की नाही हे कोण तपासणार? आक्षेपात तथ्य आहे. मोजमाप-पुस्तिकेत न झालेली दुरुस्ती मांडता येते, हे मी नोकरीत जवळून पाहिले आहे. त्यावर उपाय तरतूद नाकारणे हा नसून, कामाची यादी शाळेच्या, दवाखान्याच्या, वॉर्डाच्या दर्शनी भिंतीवर रकमेसह लावणे हा आहे. ज्या बाईच्या नळाला घाण पाणी येते, तिच्याएवढा कडक संपरीक्षक शासनाला मिळणार नाही.

इंदूरच्या नऊ आमदारांपैकी जे मंत्री नाहीत, त्यांना सभागृहात तारांकित प्रश्न विचारता येतो. त्यांच्या सोयीसाठी मसुदा खाली देतो. तो जसाच्या तसा विचारला तरी चालेल, अधिक चांगल्या शब्दांत विचारला तर उत्तमच:

"गेल्या पाच आर्थिक वर्षांत इंदूर जिल्ह्यातील शासकीय शाळा, रुग्णालये, रस्ते, पूल आणि पेयजल योजना यांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी संबंधित विभागांनी किती रक्कम मागितली, अर्थसंकल्पात किती मंजूर झाली, त्यापैकी किती कोणत्या महिन्यात सोडण्यात आली आणि 31 मार्च रोजी किती परत गेली, याची वर्षनिहाय व विभागनिहाय माहिती वित्तमंत्री सभागृहासमोर ठेवतील काय?"

उत्तर छापून आल्यावर त्याची प्रत आम्हा इंदूरकरांनाही मिळावी, ही विनंती.

आपला नम्र,
कोषालयीन सेवेतून निवृत्त झालेला एक करदाता
राजेंद्रनगर, इंदूर